सातबारा आपला, पीक त्यांचे

गेली काही वर्षे एक मजकूर ठरावीक अंतराने हातोहात फिरत आपल्या मोबाइलवर येतो. आपली छायाचित्रे, आपले लेखन, आपली माहिती वापरण्यास आपण अमुक कंपनीला परवानगी देत नाही, असे त्यात लिहिलेले असते आणि तो आपल्या नावाने पुढे चिकटवावा अशी विनंती असते. २०१२ साली तो फेसबुकच्या नावाने फिरला, २०१६मध्ये पुन्हा फिरला, आणि सप्टेंबर २०२४मध्ये मेटा कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला रामराम ठोकणारा त्याचा नवा अवतार जगभर लाखो लोकांनी चिकटवला. आपल्या धर्मग्रामांच्या व्हॉट्सॲप-गटांवरही, मयतीच्या बातम्या आणि नोव्हेनाचे वेळापत्रक यांच्या मधोमध, तो येऊन गेला. जाणकारांनी लगोलग खुलासा केला की, या मजकुराला कायद्याच्या बाजारात कवडीची किंमत नाही. खाते उघडताना ज्या अटी आपण मान्य केल्या त्या अशा एकतर्फी घोषणेने रद्द होत नाहीत. खुलासा खरा होता. आम्हीही तो वाचून हसलो आणि एका वयस्क भगिनीला ‘असले काही चिकटवू नका’ म्हणून शहाणपण शिकवले. ते हसू आज आम्हांला मागे घ्यावेसे वाटते. त्या भगिनीला कायदा ठाऊक नव्हता. परंतु आपल्या घरातले काहीतरी आपल्याला न विचारता उचलले जात आहे, हे तिने अचूक ओळखले होते. तिची तक्रार खरी होती. ती तिने चुकीच्या कचेरीत दिली, एवढाच तिचा अपराध.

मुळात त्या अटींत आहे तरी काय? फेसबुक आणि इन्स्टाग्राम सांगतात की, तुम्ही टाकलेल्या मजकुराची मालकी तुमचीच राहील. एवढे वाचून माणूस निश्चिंत होतो. लगेच पुढे मात्र तो मजकूर ठेवण्याचा, वापरण्याचा, वाटण्याचा, बदलण्याचा, त्याच्या प्रती काढण्याचा, तो जाहीरपणे सादर करण्याचा, भाषांतरित करण्याचा आणि त्यावरून नव्या कृती घडवण्याचा परवाना कंपनी तुमच्याकडून घेते. हा परवाना साऱ्या जगाला लागू असतो, त्याचा मोबदला शून्य असतो, आणि कंपनी तो दुसऱ्याच्या हाती सोपवू शकते, त्यावर पोटपरवानेही देऊ शकते. यूट्यूबच्या अटींचा साचा फारसा निराळा नाही. खानदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगायला वकील लागू नये. सातबाऱ्यावर नाव तुमचे. पेरणी, कापणी, खळे आणि बाजार आमचा! निमबटाईने जमीन कसणारा माणूससुद्धा निम्मे पीक मालकाच्या दारात आणून टाकतो. येथे मालकाला मिळतो तो फक्त मालकपणाचा कागद.

अतिशयोक्ती वाटेल, म्हणून एकच उदाहरण देतो. अमळनेर वा साक्री तालुक्यातल्या एखाद्या मुलाने अहिराणीत प्रहसन रचले, मित्रांना घेऊन बांधावर त्याचे चित्रण केले आणि यूट्यूबवर टाकले. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर त्याला एक हजार वर्गणीदार मिळवावे लागतात आणि वर्षभरात चार हजार तास त्याच्या चित्रफिती पाहिल्या जाव्या लागतात, किंवा आखूड चित्रफितींची तशीच दांडगी संख्या गाठावी लागते. तोवर वाटा नाही. परंतु अमेरिकेत नोव्हेंबर २०२० पासून आणि इतरत्र २०२१ पासून लागू झालेल्या अटींनुसार, त्या मुलाला एक पैसाही न देता त्याच्या चित्रफितीवर जाहिराती दाखवण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे घेतला आहे. अहिराणी गाण्यांनी अलीकडे कोटींच्या घरात प्रेक्षक मिळवले, त्यांतून काही गुणी मुलांचे संसार उभे राहिले, याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. पण उंबरठ्याच्या आत पोचलेल्यांची नावे आपण ऐकतो. उंबरठ्याबाहेर राहिलेल्यांचे पीक कोणाच्या कोठारात गेले, ते कोणी विचारीत नाही.

एक गोष्ट न्यायाने मान्य केली पाहिजे. धुळ्याच्या मावशीने पुण्याच्या भाचीला दिसावे म्हणून छायाचित्र टाकले, तर ते भाचीच्या पडद्यावर नेण्यासाठी कंपनीला त्याची प्रत काढावीच लागते आणि त्यासाठी परवानगीही घ्यावी लागते. टपालखात्याला पाकीट हाताळू दिल्याशिवाय पत्र पोचत नाही. एवढ्यापुरता परवाना आम्हांला मंजूर आहे. आमचा आक्षेप आहे तो पत्र पोचवण्याच्या निमित्ताने ते उघडून, उतरवून घेऊन, त्यावर धंदा उभारणाऱ्या टपालवाल्याला. आणि हा धंदा हळूहळू पुढे सरकत आला आहे. फेब्रुवारी २००९मध्ये फेसबुकने अटींतले एक वाक्य गुपचूप गाळले. टाकलेला मजकूर काढून घेतल्यावर परवाना संपेल, असे ते वाक्य होते. बोभाटा झाला, तेव्हा जुन्या अटी परत आल्या. डिसेंबर २०१२मध्ये इन्स्टाग्रामने लोकांची छायाचित्रे जाहिरातींत वापरण्याची वाट मोकळी करून पाहिली. पुन्हा बोभाटा, पुन्हा माघार. वापरकर्त्यांची नावे आणि चेहरे त्यांना न विचारता जाहिरातींत झळकवल्याबद्दल अमेरिकेतल्या एका दाव्यात फेसबुकने २०१३मध्ये दोन कोटी डॉलरची तडजोड केली. रात्री बांध कोरायचा, शेजारी जागा झाला की ‘चुकून नांगर लागला’ म्हणायचे आणि तो झोपला की पुन्हा नांगर धरायचा, ही कला आपल्याकडे कोणाला नव्याने शिकवायला नको.

आता मात्र बांधाच्या कोराकोरीवर भागत नाही. सगळे शेतच नांगराखाली आले आहे. माणसासारखे लिहिणारी, बोलणारी, चित्रे काढणारी यंत्रे ज्या मालावर शिकवली जातात, तो माल म्हणजे आपण वर्षानुवर्षे टाकलेले शब्द आणि चेहरे. सप्टेंबर २०२४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिनेट-समितीपुढे मेटाच्या प्रतिनिधीने कबूल केले की, प्रौढांनी २००७ पासून सर्वांना दिसेल अशा रीतीने टाकलेला मजकूर आणि छायाचित्रे या कामी घेतली गेली आहेत. अल्पवयीनांची खाती वगळतो, असे सांगण्यात आले. परंतु आईबापांनी आपल्या खात्यावर जाहीर टाकलेल्या मुलांच्या छायाचित्रांचे काय, असे विचारताच तीही घेतली जातात हे मान्य करावे लागले. एक्स कंपनीने १५ नोव्हेंबर २०२४ पासूनच्या अटींत यंत्रशिक्षणाचा हक्क उघडपणे लिहूनच टाकला. २००९ साली भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या कोणी आपल्या मुलीच्या प्रथम कम्युनियनचे छायाचित्र नातलगांसाठी टाकले असेल, तर त्या दिवशी असे यंत्र त्याच्या स्वप्नातही नव्हते. जी गोष्ट कल्पनेतही नव्हती, तिला त्याने संमती दिली असे म्हणणे हा भाषेवर बलात्कार आहे.

येथे आम्हांला आमच्या खानदेशाकडे वळले पाहिजे, कारण दुसऱ्याचा शब्द कसा घ्यावा याचा धडा या मातीत पूर्वीच घालून दिलेला आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. लिहिणारा स्वतः प्रतिभावंत होता, अमळनेरच्या विद्यार्थ्यांचा लाडका शिक्षक होता. तरीही अठरा प्रवचनांच्या त्या पुस्तकावर नाव राहिले ते बोलणाऱ्याचे. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांच्या ओठी आलेली गाणी घरच्या माणसांनी उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव व आचार्य अत्रे यांच्यामुळे ती गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. अत्र्यांसारखा सिंह माणूस त्या वहीपुढे नमला. गाणी ज्या बाईची, नाव त्या बाईचे. आज जळगावचे विद्यापीठ तिचे नाव मिरवते. घेणारा कोण, कोणाकडून घेतो आहे, कशासाठी घेतो आहे, हे या दोन्ही प्रसंगी घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला माहीत होते. त्या घेण्यात प्रेम होते, म्हणून ते उचलेगिरी झाले नाही.

आजची बहिणाबाई कुठे आहे? ती आखाजीला माहेरी आलेल्या लेकींबरोबर झोक्यावर गाते आहे, लग्नघरी हळद लावताना गाते आहे. आमच्या ख्रिस्ती घरांतून ती जपमाळेनंतर जुन्या चालीवर पवित्र मातेचे गीत म्हणते आहे. नात मोबाइल धरते आणि ‘आजी, म्हण ना’ म्हणते. आजी लाजत, पदर सावरत म्हणते. संध्याकाळपर्यंत ते गाणे जगापुढे गेलेले असते. आजीने कोणतीही अट वाचलेली नाही, कोणताही अंगठा दिलेला नाही. अंगठा दिला तो नातीने, आणि तोही तीन वर्षांपूर्वी, खाते उघडताना. उद्या एखाद्या यंत्राने त्या आवाजाची ढब, ते हेल, ते शब्द उचलून अहिराणी गाणी पाडण्याचा कारखाना काढला, तर अटींच्या शब्दांत त्याला मज्जाव नाही. आणि त्या कारखान्याच्या मालावर आजीचे नाव कोठेही असणार नाही.

यावर दोन युक्तिवाद हमखास ऐकू येतात. पहिला असा की, जे तुम्ही चव्हाट्यावर मांडले ते सर्वांचे झाले. वरवर पटणारे हे बोलणे आहे. पण यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातल्या माणसाला विचारा. गावच्या विहिरीवर तहानलेल्याने पाणी प्यावे, त्याला कोणी जात विचारू नये, यासाठी आपण झगडलो. म्हणून त्याच विहिरीत मोटारी सोडून रात्रंदिवस उपसा करण्याचा हक्क कोणाला मिळत नाही. बेसुमार उपशाने त्या पट्ट्यातले पाणी किती खोल गेले, ते तेथील शेतकरी दरवर्षी वाढत्या बोअरच्या फुटांत मोजतो आहे. पिणे आणि उपसणे यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला चव्हाटा म्हणजे काय हेच कळलेले नाही. चव्हाट्यावर माणूस माणसाशी बोलतो. तेथे कोणी कोपऱ्यात बसून प्रत्येकाचे बोलणे गाठोड्यात बांधून विकायला नेत नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक कावेबाज आहे. तुमच्यावर सक्ती कोणी केली? अटी लिहिलेल्या होत्या, तुम्ही ‘मान्य’ म्हणून अंगठा टेकवला. नको होते तर वापरायचे नव्हते. अंगठ्याचे नाव काढलेच आहे, तर आम्ही त्याविषयी थोडे विस्ताराने बोलू, कारण अंगठ्याचा इतिहास खानदेशाला कोणी सांगायला नको. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेले शहादे आणि तळोदे हे तालुके १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते. तेथल्या भिल्ल बांधवांच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कागदावरच्या अंगठ्याने गेल्या. अडीनडीला धान्य वा पैसे घेतले, काय लिहिले आहे ते न कळता अंगठा उमटवला, आणि एके दिवशी आपल्याच शेतात सालदार म्हणून राबण्याची पाळी आली. कागद कायदेशीर होते. अंगठे खरे होते. तरीही अंबरसिंग महाराजांनी त्या व्यवहाराला अन्याय म्हटले, १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, आणि या व राज्यातल्या इतर हाकांना ओ देऊन महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७४ साली अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ मालकाला परत देण्याची तरतूद त्यात झाली. अंमलबजावणीत किती पळवाटा निघाल्या, हा वेगळा आणि कडू विषय. पण तत्त्व मान्य झाले होते: ज्याला कागद वाचता येत नाही आणि नाही म्हणण्याची ज्याची ऐपत नाही, त्याच्या अंगठ्याला संमती म्हणता येत नाही.

हे तत्त्व विधिमंडळाच्या आधी ख्रिस्तसभेने सांगितले आहे. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसृत केले, तेव्हाही मालकांचा सवाल हाच होता: मजुराने खुशीने करार केला, मग तक्रार कसली? पोपमहोदयांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा की, दोन माणसांतल्या करारापेक्षा निसर्गदत्त न्याय पुरातन आणि थोर आहे. गरजेपोटी किंवा त्याहून वाईट घडेल या भयापोटी माणसाने जाचक अटी पत्करल्या, तर ती संमती नव्हे, तो बळजोरीचा बळी होय. १० मे २०२५ रोजी नवे पोप लिओ चौदावे यांनी हेच नाव का घेतले ते कार्डिनलांना सांगताना त्या परिपत्रकाचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख एकाच श्वासात केला. जानेवारी २०२५मध्ये व्हॅटिकनच्या दोन खात्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘अँतिक्वा एत नोव्हा’ या टिपणातही माणसाच्या खासगीपणाचा विचार आहे. आपल्या प्रवचनांतून हे अजून पुरेसे उतरलेले नाही, असे आम्ही नम्रपणे नमूद करतो.

‘नको असेल तर वापरू नका’ म्हणणाऱ्यांनी एकदा जळगावच्या बाजारात फिरून यावे. शाळेची सूचना व्हॉट्सॲपवर येते, दूधसंघाचा, बचतगटाचा, रेशन दुकानाचा निरोप तेथेच येतो, मिस्साची बदललेली वेळ तेथेच कळते. २०२१ साली या कंपनीने आपली माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना पुरवण्याबाबत नवे धोरण आणले आणि ‘मान्य करा, नाहीतर सोडा’ असा खाक्या दाखवला. भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये त्याबद्दल मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. जाहिरातींसाठी माहिती पुरवण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५मध्ये उठवली. दंड मात्र कायम ठेवला. निरोप स्वतः कुलूपबंद असतात, कंपनीलाही ते वाचता येत नाहीत, हे आम्हांला ठाऊक आहे. येथे त्या निकालाचा दाखला देण्याचे कारण एवढेच की, या दोन शब्दांच्या पर्यायात पर्याय नसतो, हे आता केवळ आमचे रडगाणे राहिलेले नाही.

पवित्र शास्त्रातला नाबोथ येथे आठवल्यावाचून राहत नाही. राजवाड्याला लागून असलेला त्याचा द्राक्षमळा अहाब राजाच्या डोळ्यांत भरला. अहाब दुष्ट खरा. पण त्याने निदान त्या बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. नाबोथाने नकार दिला, आणि तो नकार ऐकून राजा अंथरुणात तोंड फिरवून पडला. पुढचे कारस्थान ईजबेलचे. राजाच्या नावाने, राजाची मोहोर उठवून धाडलेल्या पत्रांचे. आमच्या मळ्याला किंमत सांगायलाही कोणी आलेले नाही. नकार देण्याची पाळी आमच्यावर आलीच नाही. एकदम मोहोर उठलेले पत्रच आले.

इतर देशांत मात्र नकाराला जागा मिळाली. मेटाने युरोपातील आपले यंत्रशिक्षण जून २०२४मध्ये थांबवले आणि मे २०२५मध्ये पुन्हा सुरू केले. कलोनच्या न्यायालयाने त्याला मनाई करण्याचे नाकारले, तरी हरकत नोंदवण्याचा अर्ज तेथल्या लोकांच्या हाती राहिला. ब्राझीलच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२४मध्ये हे काम रोखले आणि लोकांना कळवण्याच्या व हरकत घेऊ देण्याच्या अटी घालूनच महिन्या-दोन महिन्यांनी मोकळे केले. ब्राझीलचा बिगारी जे मागू शकतो ते भुसावळचा हमाल का मागू शकत नाही?

कारण आपला कायदा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ साली, डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आला. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम निघाले आणि मुख्य तरतुदींना आणखी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. या कायद्याचे तिसरे कलम वाचावे. जी माहिती माणसाने स्वतः जाहीर केली, तिला हा कायदा लागूच होणार नाही, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे ज्या मळ्यावर डोळा आहे, नेमका तोच कुंपणाबाहेर ठेवून उरलेल्या माळाला कुंपण घातले! नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय आहे. परंतु २०११च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे १८ लाखांवर आणि भिली बोलणारे एक कोटीवर असूनही या दोन्ही भाषा त्या परिशिष्टात नाहीत. मोडणाऱ्या कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देणारी माहिती-तंत्रज्ञान कायद्यातली जुनी तरतूद वगळण्याची तजवीज याच कायद्यात आहे. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्याचे ठरले तर तक्रारदाराला दहा हजार रुपयांपर्यंत दंड! साक्रीच्या शेतमजूर बाईने तक्रार करू नये यासाठी याहून चांगली व्यवस्था सुचणे कठीण आहे.

एक फट मात्र आम्हांला दिसते, आणि वाचकांपैकी जे वकील असतील त्यांनी ती तपासावी. वगळले आहे ते माणसाने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला. आजीने काहीच जाहीर केलेले नाही, नातीने केले. नातीचे करणे घरगुती म्हणून सुटेल, पण कंपनीचे करणे घरगुती नव्हे. तेव्हा आजीचा चेहरा आणि आवाज यांवर आजीचा हक्क या कायद्याखालीही शाबूत राहतो, असे आमचे वाचन आहे.

नामवंतांना वाट सापडली आहे. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्यास मनाई केली आणि २०२५मध्ये आशा भोसले यांनाही तसेच संरक्षण दिले. निकाल योग्यच होते. पण आवाज हा जर माणसाचा असेल, तर तो प्रसिद्धीमुळे त्याचा होत नाही. परमेश्वराने तो देताना श्रोत्यांची संख्या पाहिली नव्हती. लेखनाच्या बाबतीतही एक दार अर्धे उघडे आहे. २०१२ साली, जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी नेट लावल्यामुळे, स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली. जे माध्यम करार करताना अस्तित्वातच नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्यासाठी हक्क दिला असे मानू नये, असे ठरले. चित्रपटगीतकारांना निर्मात्यांनी नाडले होते, त्यावर हा उतारा होता. परंतु तो हक्क लिहून देण्याला लागू आहे. या कंपन्या घेतात तो परवाना. परवान्यालाही हाच नियम लावा, आणि तिसऱ्या कलमातली सूट काढून टाका: आमची मागणी एवढीच आहे, आणि या दोन दुरुस्त्यांना कागदाचे एक पान पुरेल.

दिल्लीकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळतात, म्हणून घरचेही बोलू. २०२०च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद होती तेव्हा मिस्सा मोबाइलवरून घरोघर गेली आणि त्याने अनेकांना धीर दिला. ते दिवस सरले, सवय उरली. आज बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन, लग्न, एवढेच काय, शवपेटीभोवती रडणारे कुटुंबही धर्मग्रामाच्या पानावर सर्व जगासाठी खुले टाकले जाते. मुलांची नावे, इयत्ता, शाळा हेही खाली असते. कोणाला विचारले? पालकांना वाटते फादरांनी विचारले असेल. फादरांना वाटते पालकांना आवडेलच. कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी कंपन्यांना पालकांची खातरजमा केलेली संमती घ्यावी लागणार आहे. ती कंपन्यांनी घ्यावी म्हणून आपण भांडायचे आणि आपण मात्र घ्यायची नाही, हे काही बरे दिसत नाही. ऑस्ट्रेलियातली कबुली वर सांगितली आहे. प्रौढांच्या खात्यावरून गेलेली मुलांची छायाचित्रे ती हीच.

आमची सूचना साधी आहे आणि ती नाशिक धर्मप्रांतातल्या प्रत्येक धर्मग्राम-मंडळाने आपल्या पुढच्या सभेत घ्यावी. वयस्क स्त्रियांची गीते अवश्य उतरवून घ्यावीत, त्या आहेत तोवरच. पण त्यांना विचारून, त्यांचे नाव, गाव आणि गाणे कोणाकडून शिकल्या ते लिहून, आणि प्रत आधी त्यांच्या घरी व धर्मग्रामाच्या कपाटात ठेवून. पुढे जगाला ऐकवायचे की नाही ते त्यांनी ठरवावे. प्रथम कम्युनियनची छायाचित्रे पूर्वीसारखी छापून घेऊन कुटुंबांच्या हाती द्यावीत. पानावर टाकायचेच असेल तर फुलांनी सजवलेल्या वेदीचे टाकावे. काही पालक रुसतील. गेल्या वर्षी अमक्याच्या मुलाचे आले होते, मग आमच्याच वेळी का नाही, असे विचारतील. त्यांना बसवून, चहा देऊन, हे सगळे सांगावे लागेल, आणि एकदा सांगून भागणार नाही.